कडेनं धरा, कोरड्या हातानं

खाडीकाठच्या करावे गावात गोजराआत्याला विडा दिल्याशिवाय कुणाच्या अंगाला हळद लागली नव्हती. निदान गेल्या चाळीस वर्षांत तरी नाही. गोजराआत्या गावची धवलारीण, म्हणजे लग्नातले धवले म्हणणारी. मांडवाची मेढ रोवायची असो, मुहूर्ताचे तांदूळ कांडायचे असोत की नवरीला हळद लावायची असो, आधी तिने गावदेवीला, खाडीला आणि वाडवडलांना गाण्यातून हाका मारायच्या आणि मगच बाकीच्यांनी हात हलवायचे, अशी रीत. पण ती काही कुणाच्याही दारात जाऊन गात बसणारी नव्हती. यजमानाने तिच्या उंबऱ्याशी यायचं, तबकात पान-सुपारी आणि नारळ ठेवून विडा पुढे करायचा आणि "आते, चल" म्हणायचं. विडा नाही तर तोंड बंद. मग लग्न परक्याचं असो की घरचं.

आणि त्र्याऐंशी सालच्या माघात तिच्या सख्ख्या भाच्याने, नामदेवने, तिच्या उंबऱ्याशी विड्याऐवजी एक खोकं आणून ठेवलं.

नामदेव पावणे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपात लेथवर काम करायचा. तिथला साहेब परदेशी निघाला होता, आणि जाताना घरातलं सामान वाटताना त्याने आपला रेकॉर्ड प्लेअर नामदेवच्या हवाली केला. सोबत दोन स्पीकर, पंधरा तबकड्या आणि एक इंग्रजी पुस्तिका. कंपनीच्या बसमधून मांडीवर घेऊन नामदेवने ते सगळं घरी आणलं. बसमध्ये त्याने कुणाला टेकूसुद्धा दिलं नाही.

"आते, बग!" खोक्याचं झाकण उघडत तो म्हणाला. "पुतळाच्या हळदीला आता ह्यो वाजनार. साऱ्या करावे गावात कोनाकडं नाय."

"मंग मी काय करू?"

"तू आता आराम कर. किती वर्सं गळा फोडतेस!"

नामदेवच्या मनात खोट नव्हती, हे आधी सांगितलं पाहिजे. त्याला वाटलं, आपण म्हातारीवर उपकारच करतोय. पण 'आराम कर' हे शब्द कुणाला सांगायचे, याचा ज्याने त्याने विचार करावा.  पुतळा म्हणजे नामदेवची थोरली, गोजराआत्याची नात. पुतळा जन्मली तेव्हा तिची आई सुमित्रा सहा महिने अंथरुणाला खिळली होती, आणि पोर वाढली ती आत्याच्या मांडीवर. सात वर्षांची असताना पुतळाने विचारलं होतं, "माज्या हळदीला कंचा धवला म्हनशील?" तेव्हा आत्या बोलून गेली होती, "तुजा एकटीचा. कोनाच्या हळदीला म्हटला नाय असा."

गेली बारा वर्षं ती तो धवला जुळवत होती. जुने धवले शेकड्याने पाठ असणाऱ्या बाईला नवा एक जुळेना. "पुतळी माजी सोन्याची गो" एवढी एक ओळ आली होती आणि तिथेच रुतून बसली होती. आता हळद महिन्यावर आली, ओळ एकच, आणि विडाही नाही. मागून घ्यावा तर मागितलेला मान आणि भीक यांत फरक काय? गोजराआत्या उपाशी मेली असती, पण भाच्याच्या दारात जाऊन "मला बोलाव" म्हणाली नसती. ती गप्प बसली, आणि ती गप्प बसली की गावातली शहाणी माणसं सावध होत.

पहिला घोळ मात्र तिने घातलेला नव्हता. नवी वस्तू घरात आली की पूजा करायची, हे सुमित्राच्या हातात मुरलेलं. सायकल आली तेव्हा तिने हँडलला हळदकुंकू वाहिलं, पंखा आला तेव्हा पंख्याला. मशीन सुरू करण्याआधी तिने तबकडीवर हळदकुंकवाची पाच बोटं उठवली, शेजारी नारळ फोडला आणि त्याचे चार थेंब मशीनवरही शिंपडले. गाणारी बाई दोन कडवी छान गायली. सुई कुंकवापाशी पोचली आणि बाईला उचकी लागली. मग ती उचकी थांबेचना. नामदेवने मशीनच्या बगलेत दोन थापा मारून पाहिल्या, कारण रेडिओ त्यानेच सुरू व्हायचा. शेजारचा पोपट म्हणाला, "खरखरतंय म्हंजे सुकलंय. तेल घाला." आणि ओंजळभर खोबरेल घेऊन त्याने ती तबकडी दोन्ही बाजूंनी अशी चोळली, जणू बाळंतिणीची पाठ. ती बाई पुन्हा कधी गायली नाही.

"आता रडून काय उपेग?" ओटीवरून गोजराआत्या म्हणाली. "त्या पुस्तकात काय लिवलंय ते तरी वाचा."

ते वाचायचं कुणी? नामदेवचं इंग्रजी नटबोल्टच्या मापांपुरतं. राहता राहिली पुतळा, मॅट्रिक पास झालेली. तिने पुस्तिका मांडीवर घेतली, आणि आत्या तिच्या शेजारी सुकटीचं सूप घेऊन बसली. पुतळा एकेक नियम वाचून मराठीत सांगे, आत्या सुकट निवडता निवडता ऐके. तबकडी पाठीवर बोट न लावता कडेनं धरावी. धुळीत, उन्हात ठेवू नये. एकीवर एक रचू नये, भाराने वाकतात, उभ्या ठेवाव्यात. मशीन भिंतीला चिकटवून कोंडू नये, चारी अंगांनी वारा लागू द्यावा. फिरत असताना मध्येच हात घालू नये. प्लग काढताना वायरीला धरून ओढू नये. ओल्या हाताने तर शिवूच नये. चालू असताना उचलूही नये. खरखर झाली तर थापा मारू नयेत, कुठे धूळ बसली ते बघावं आणि मऊ ब्रशने सुई हलकेच पुसावी.

आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे तिचं डोकं अजून रिकामं आणि पक्कं होतं. काहीही पाठ करायची तिची एकच तऱ्हा, ते धवल्याच्या चालीवर बसवायचं. संध्याकाळपर्यंत सूप निवडून झालं आणि बारा नियम तोंडपाठ झाले. "पाठीवरी बोट नको गो, कडेनं धर, कडेनं धर," असं गुणगुणत ती सुकट डब्यात भरत होती. पुतळाला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवसापासून गोजराआत्या मशीनची कोतवाल झाली. पहाटे नेरूळकडे भराव टाकणारे डंपर सुरू होत आणि गावभर लाल धूळ उडे. डंपर दिसला की ती "धूळ आली, झाकन लाव!" म्हणून ओरडे. नामदेव हात धुऊन तसाच आला तर त्याला अंगणात उभं करून पंच्याला हात पुसायला लावी. तबकडी दोन तळहातांच्या कडांत धरून वर उचलायची कला तिने स्वतः शिकून घेतली आणि सुमित्राला शिकवली. नामदेव खुळावला. आत्याने मशीन मनाला लावून घेतलं नाही, उलट मांडीवर घेतलं! त्याने कंपनीत दहा जणांना सांगितलं.

फक्त एका गोष्टीत तो सुधारला नाही. कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला की तो वायरीला हिसका मारून प्लग उपटायचा आणि पळायचा. "वायरीला नको रे, प्लगच्या बोडख्याला धर," आत्या रोज ओरडायची. "हो हो," तो पळता पळता म्हणायचा.

आठवडाभर खरे नियम चालले, आणि मग त्यांत भर पडू लागली.

सुरुवात बोंबलांनी झाली. "पुस्तकात लिवलंय," आत्याने गंभीरपणे सांगितलं, "मशीनच्या वीस हातांत मासे तळायचे नाय. तेलाचा धूर पिनला लागतो." करावे गावात घरात मासे तळायचे नाहीत! नामदेवने पुतळाकडे पाहिलं. पुतळाने पुस्तिकेत डोकं खुपसलं आणि गंभीरपणे मान हलवली. पोर कुणाच्या मांडीवर वाढली होती हे तो विसरला. तेव्हापासून तळलेले बोंबील खायला नामदेव पोपटाकडे जाऊ लागला.

पुढे निघालं की मंगळवारी मशीनला विश्रांती द्यावी लागते. मग निघालं की वाजवणाऱ्याने चप्पल घालून जवळ येऊ नये. आणि शेवटी एक नियम आला तो असा, की ज्याच्या तोंडाला दारूचा वास आहे त्याने मशीनपासून दहा पावलं लांब बसावं, नाहीतर पिन गंजते. त्या संध्याकाळी नामदेवचे पाच दोस्त गाणी ऐकायला आले होते. पाचही जण अंगणाच्या पार टोकाला, कुंपणाला पाठ लावून बसले. तिथे गाण्यापेक्षा कुत्र्याचं भुंकणं जास्त ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत.

"आते, एवढं सोवळं तर देवाला पन नाय," नामदेव कावला.

"मंग वाजवू नको. मना काय? कंपनीनंच लिवलंय."

रात्री अंथरुणावर पुतळाने विचारलं, "आते, ह्यातले खरे किती?"

"बारा खरे. बाकीचे नामदेवसाठी."

"आनि माजा धवला?"

आत्याने कूस बदलली. "जुळतंय," ती म्हणाली. ते मात्र साफ खोटं होतं. डोक्यात वायरी आणि ब्रश भरून ठेवल्यापासून सोन्याच्या पुतळीची दुसरी ओळ आणखीच लांब पळाली होती. आपण भाच्याची फजिती करण्यात इतक्या रमलो की पोरीला दिलेला शब्द तसाच राहिला, हे तिला त्या रात्री टोचलं. पण सकाळी नामदेव अनवाणी, दोन हात लांबून मशीनला झाकण घालताना दिसला, आणि तिला पुन्हा हसू फुटलं.

हळदीचा दिवस उजाडला तरी विडा आला नाही. आत्याला मनातून वाटत होतं, नियमांना कंटाळून नामदेव शेवटी येईल. तो कुठला येतोय! कंपनीतून पेट्यांच्या फळ्या आणून त्याने अंगणात मांडवाखाली हातभर उंच स्टेज ठोकलं होतं. एका बाजूला नवरीचा पाट, दुसऱ्या बाजूला टेबलावर मशीन, म्हणजे आल्यागेल्याला दोन्ही दिसावीत. स्पीकर बांधायला त्याने वर्कशॉपातला इलेक्ट्रिशियन बोलावला होता. विलास त्याचं नाव, मंडणगडकडचा, शांत आणि चष्मेवाला. त्याने स्पीकर बांधले, घरातून मांडवात वायर ओढली, आणि काम झाल्यावर चहा पिता पिता सहज ती पुस्तिका उघडली.

"विलासभाऊ, त्यो दारूचा नियम कितवा?" नामदेवने विचारलं. "आज पाव्हन्यांना कसं सांगायचं, मना टेन्शन आलंय."

"कसला दारूचा नियम?"

"आनि मासे तळायचे नाय तो?"

विलासने पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. मग चष्मा काढून पुसला. "नामदेवशेट, यात माशाचं एक अक्षर नाही. मंगळवारचं नाही, चपलेचं नाही. आहेत ते साधे बारा नियम आहेत."

अंगणात पोपट होता, पाचही दोस्त होते. कुणीतरी फिस्स केलं. नामदेवच्या अंगाचा तिळपापड झाला. तीन आठवडे शेजाऱ्याच्या दारात बसून बोंबील खाल्ल्याचा हिशेब त्याच्या तोंडावर लिहिलेला दिसत होता. तो तरातरा आत्याच्या दाराशी गेला.

"मना गावात जोकर केलास? आजपासून तुजा एक नियम चालनार नाय. खरा नाय, खोटा नाय. तू पाव्हनी म्हनून ये, गप बस, जेव आनि जा!"

 गोजराआत्याला वाटलं होतं, पितळ उघडं पडेल तेव्हा मजा येईल. तशी काही मजा आली नाही. बारा खरे नियमही आपणच खोटे करून ठेवले, हे तिच्या ध्यानात आलं. तिने धुतलेलं लुगडं नेसलं, काठी घेतली आणि नामदेवच्या ओटीवर, घराच्या दाराशी, मेन स्विचच्या खाली जाऊन बसली. बायकांमध्ये बसली नाही. धवलारीण विड्याशिवाय हळदीच्या घोळक्यात बसत नाही.

तिसऱ्या प्रहरी महापे गावाहून नवऱ्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या. त्यांच्या पुढे पुतळाची होणारी सासू, केशरबाई. बाई अंगाने दणकट, नजरेने कडक. टोपलीतली कोळंबी मोजून घेईल अशी. पुतळा पाटावर बसली होती आणि तिच्याकडे बघायचं टाळत होती. गोजराआत्याने तेवढं लांबून बरोबर टिपलं.

नामदेवने मशीन सुरू केलं. मुंबईत भरलेली कोळ्यांची गाणी स्पीकरमधून अशी काही उसळली की पाव्हण्या बायका एकदम खूश. चारजणी उठल्या, पदर खोचला आणि स्टेजवर नाचायला लागल्या.

फळ्या उडाल्या, फळ्यांबरोबर टेबल, आणि टेबलाबरोबर सुई.

"माझ्या होडीला, माझ्या होडीला, माझ्या होडीला," गाणारा म्हणू लागला. होडीला काय झालं ते सांगेचना. बायका थांबल्या, तसा तो पुढे गेला. बायका पुन्हा नाचल्या, तो पुन्हा होडीत येऊन बसला. नामदेवने हात जोडले, "जरा हळू नाचा." मग म्हणाला, "जागच्या जागी नाचा." मग म्हणाला, "बसूनच ऐका ना, मजा येते." दहा मिनिटांनी असं झालं, की हळदीच्या मांडवात शंभर माणसं हाताची घडी घालून, पाय न हलवता, चिडीचूप बसली आणि स्पीकर एकटाच धुमाकूळ घालत होता. कुणी नवखा आला असता तर त्याने आधी चपला काढून विचारलं असतं, कधी गेले?

"आमच्याकडं दहाव्याला पन जरा हलतात लोकं," केशरबाई म्हणाली.

 तेवढ्यात रीतीप्रमाणे घरातल्या पुरुषांना हळद फासायची बायकांची धांदल उडाली आणि नामदेवलाही कोपरापर्यंत ओली पिवळी हळद लागली. वाटीतली हळद कलंडून टेबलावर ओघळ गेले. विलास मागच्या अंगणात जेवायला बसला होता. नामदेवने विचार केला, मशीन स्टेजवरून उचलून खाली जमिनीवर ठेवलं की सुई उडणार नाही. विचार चांगला होता. पण मशीन चालू होतं, टेबल ओलं होतं आणि त्याच्या हातांवरून हळदीचं पाणी गळत होतं. एक हात त्याने मशीनखाली घालायला पुढे केला, दुसरा थेट वायरीकडे, प्लगजवळ, जिथून तो रोज हिसका मारायचा.

"नामदेव!" ओटीवरून गोजराआत्या ओरडली. "ओल्या हातानं नको! शिवू नको!"

"झाले तुजे नियम!" मागे न बघता तो म्हणाला, आणि पोपट खो खो हसला.

 आत्याने पुन्हा हाक मारण्यात वेळ घालवला नाही. डोक्यावरच्या मेन स्विचच्या दांड्याला तिने कोरडी काठी अडकवली आणि सगळा जोर लावून खाली ओढली. खाट करून आवाज झाला. स्पीकर शब्दाच्या मध्यातच मेले, मांडवातला पंखा दोन गरके मारून थांबला, आणि तबकडी फिरता फिरता मंदावत स्थिर झाली.

"आता काय केलंस?" नामदेव गरजला.

आवाज बंद पडला म्हणून विलास उष्ट्या हाताने धावत आला. त्याने हात पुसून घेतला, प्लग काढला आणि वायर उजेडात धरली. प्लगच्या मुळाशी रबर फाटलं होतं आणि बोटाच्या पेराएवढी तांब्याची तार उघडी पडली होती. रोज हिसके मारून मारून दुसरं काय होणार? तारेवर हळदीचा एक थेंब होता.

"नामदेवशेट, ओल्या हाताने हे धरलं असतंत," विलास सावकाश म्हणाला, "तर आज हळद धुवायला तुम्ही नसतात. आत्या बरोबर बोलल्या. हा नियम खरा आहे."

सुमित्राने तोंडाला पदर लावला. पोपटाचं हसू कुठे गेलं ते कळलं नाही. नामदेव स्वतःच्या पिवळ्या हातांकडे बघत उभा राहिला.

मांडव शांत झाला होता. हळद वाटलेली, नवरी पाटावर, पाव्हण्या समोर, आणि गाणं नाही. लोकांच्या माना एकेक करून ओटीकडे वळल्या. गोजराआत्या काठी मांडीवर आडवी घेऊन, ओठ मिटून बसली होती.  भाचा वाचला होता. त्या घटकेला तिला विडा-बिडा काही नको होतं. पण चाळीस वर्षांची रीत होती, तिने तोंड उघडलं नाही.

नामदेव घरात गेला. तबक घेतलं, पान घेतलं, सुपारी घेतली, देवघरातला नारळ घेतला आणि ओटीवर आत्यासमोर येऊन गुडघ्यावर बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हळदीत मिसळत होतं.

"आते, चल," तो म्हणाला.

आत्याने तबकाकडे पाहिलं. मग त्याच्या हातांकडे पाहिलं.

"आदी हात पूस."

तो उठला, पंचा घेतला, बोटांच्या बेचक्यांतून सुद्धा हात कोरडे केले आणि पुन्हा तबक उचललं. या वेळी दोन्ही तळहातांनी, अगदी कडेनं.

"आता शिकलास," म्हणत तिने विडा घेतला.

गोजराआत्या स्टेजवर चढली. गावदेवीला हाक मारली, खाडीला मारली, गेलेल्या माणसांची नावं घेतली. नवरीला पहिलं बोट लागलं. जुने दोन धवले झाले, बायका उठल्या, फळ्या दणाणू लागल्या, आणि कितीही नाचलं तरी आत्याचा सूर जागचा हलला नाही. मग पुतळाने मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं.  सात वर्षांची असताना पाहिलं होतं तसंच.

आता शब्द पाळायला हवा होता. "पुतळी माजी सोन्याची गो," आत्याने सुरुवात केली, आणि नेहमीप्रमाणे पुढे अंधार. तिने तीच ओळ पुन्हा घेतली. तिसऱ्यांदा घेतली. म्हातारीची सुई अडकली, असं पोपटाला वाटलंच असणार. समोर केशरबाई बसली होती, दणकट, कडक, मांडीवर दोन्ही हात ठेवून. आत्याची नजर त्या हातांवर गेली. या हातांत आपली पोर जाणार. आणि महिनाभर तोंडात घोळलेले शब्द, त्यांना कुणी न बोलावता, बाहेर पडले.

"पुतळी माजी सोन्याची गो, नेता तुमी दारी,
पाठीवरी बोट नको, कडेनं धरा सारी.
धुळीमंदी ठेवू नका, उनात ठेवू नका,
भारावर भार देऊन वाकवू तिला नका.
भिंतीपाशी कोंडू नका, वारा लागू द्या,
फिरत असल, गात असल, मधी हात नका.
दोरीला धरून ओढू नका, तुटल आतली तार,
ओल्या हातानं, रागाच्या हातानं करू नका वार.
खरखरली कंदी पोर, उचलू नका हात,
धूळ कुठं बसली तिची, बगा जरा आत."

सुरुवातीला पुतळाला हसू आलं होतं. चौथ्या ओळीपर्यंत ते गेलं. सुमित्रा रडत होती, नामदेव मेढीला डोकं टेकून उभा होता, आणि विलास हातातली वायर गुंडाळायला विसरून गेला होता. नाच आपोआप थांबला होता, पण या वेळी कुणी थांबा म्हणालं नव्हतं.

केशरबाई पुढे सरकली. "आमच्या महाप्याला ह्यो धवला कोन म्हनत नाय. कोनाचा गो?"

"कंपनीचा," गोजराआत्या डोळे पुसत म्हणाली. "छापील हाय. मशीन आमचं हितंच राहील, पुस्तक तेवढं पोरीसंगट धाडतंय."

 केशरबाई उठली. हळदीच्या वाटीत घालायला उचललेले हात तिने मध्येच थांबवले, पदराला आधी एक आणि मग दुसरा नीट कोरडा पुसला, आणि पुतळाची हनुवटी दोन्ही बाजूंनी, कडेनं, वर उचलली.